भूमापन, हवाई चित्र आणि दूरस्थ खरेदीदार : नेवासे परिसराच्या अनुषंगाने

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना कवाडे नसल्याबद्दल सर्वश्रुत आहे. घराला चौकट असते, कवाड व कुलूप नसते; आणि ज्या शनैश्वराच्या भयाने ही प्रथा टिकली असे सांगतात, त्याची शिळाही उघड्या चौथऱ्यावर छताविना उभी आहे. या प्रथेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु लिहिणाऱ्यांचे लक्ष घरापाशीच थांबते, शेतापर्यंत पोचत नाही. घराला कवाड नाही म्हणून शेताला बांध नाही, असा प्रकार येथेही नाही. महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे या गावच्या शिवारातील जमिनीलाही क्रमांक आहे, क्षेत्र आहे, सरकारी आकार आहे, आणि जिच्यावरून ती जमीन गावाबाहेरच्या माणसालाही ओळखता यावी अशी नकाशावरची एक आकृती आहे. जंगम मालमत्तेच्या बाबतीत गाव विश्वासावर चालत आले. स्थावराच्या बाबतीत मात्र ते दीडशेहून अधिक वर्षे मोजणीवर चालत आले आहे.

हवाई छायाचित्रे, उपग्रहांच्या प्रतिमा आणि संगणकावर उपलब्ध झालेले गावनकाशे यांच्या आधारे जमिनीत पैसा गुंतविण्याची रीत अलीकडे वाढली आहे. पुण्यामुंबईस बसून नेवासे किंवा राहुरी तालुक्यातील जमिनीची पारख करावी, रस्ता किती दूर आहे, कालवा कोठून जातो, विहीर आहे की नाही, हे पडद्यावर पाहावे आणि मग व्यवहाराला हात घालावा, असा हा क्रम आहे. ही रीत सर्वस्वी नवी म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून भिन्न आहे. जमीन न पाहता घेणे ही गोष्ट महाराष्ट्रात प्रथम शक्य झाली ती विमानामुळे नव्हे, मोजणीच्या साखळीमुळे. आणि त्या पहिल्या प्रसंगी याच जिल्ह्यात जे घडले, ते आजच्या साधनांचे मोल ठरविताना विसरता येण्याजोगे नाही.

मोजणीपूर्व काळातील जमिनीचे वर्णन कसे होत असे, हे मराठी दप्तरांच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. खरेदीखतात चतुःसीमा लिहीत: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस गावची शिव. हे वर्णन वाचून जमीन सापडण्यासाठी ‘अमका’ कोण हे ठाऊक असणे अवश्य होते. म्हणजे खत वाचणारा एक तर गावचा असावा लागे, नाही तर त्याने गावच्या माणसांस सोबत घ्यावे लागे. पाटील-कुलकर्ण्यांची ग्वाही, गोताची संमती, शिवेच्या तंट्यात वतनदार महाराची साक्ष, या सर्वांचे प्रयोजन हेच होते. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाही मुलखाची जी महसूलव्यवस्था लावली, तिचा लौकिक मोठा आहे; तथापि तीतही नकाशा नव्हता. जमिनीची माहिती माणसांच्या ठायी होती, ती माणसांपासून वेगळी करून कागदावर नेता येत नव्हती. परक्या सावकाराला पैसा लावावयाचा तर तो पिकावर, वतनावर किंवा ऋणकोच्या पतीवर लावावा लागे. नुसत्या शेतावर पैसा लावणे जिकिरीचे होते.

इंग्रजी अंमलात हे बदलले. परंतु पहिला प्रयत्न फसला. १८२८ च्या सुमारास प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात मोजणी हाती घेतली. निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धान्तावर आधारलेली ती योजना कागदावर सुबक होती. मात्र मोजणीचे व प्रतवारीचे आकडेच खोटे भरले गेल्यामुळे ती काही वर्षांतच सोडून द्यावी लागली. नंतर १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने आरंभ केला, आणि १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला कायमचे नियम मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती अहमदनगर जिल्ह्यात लागू झाली.

या पद्धतीचे तपशील नीट पाहण्यासारखे आहेत. साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा, म्हणून त्यांस आणे म्हणत. साखळीच्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीदार प्रत्येक शेताच्या कडेची मापे शंकू-साखळीने घेऊन टिपणावर लिही, आणि टिपणांवरून गावनकाशा तयार होई. प्रतवारीसाठी शेताचे नजरेने चौकोन पाडीत, प्रत्येक चौकोनात खणून मातीची खोली पाहत, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असा जो दोष आढळेल त्यापायी एक एक वर्ग खाली उतरवीत. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची. तेथून चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि अखेर दोन आणे, असे नऊ वर्ग. म्हणजे प्रत्येक शेताचे स्थान, क्षेत्रफळ व गुण हे तिन्ही आकड्यांत आले. शिवाय आकार तीस वर्षांसाठी कायम, म्हणून खर्चाची बाजूही आगाऊ ठाऊक. गुंतवणुकीसाठी जी माहिती आज विकली जाते, तिचा गाभा याहून फार वेगळा नाही. ही माहिती सरकारने आपल्या महसुलासाठी जमविली होती, सावकारासाठी नव्हे. पण माहिती एकदा झाली की ती कोण वापरील, हे तिच्या कर्त्याच्या हाती राहत नाही.

१८६५ च्या मुंबई मोजणी व जमाबंदी कायद्याने कब्जेदाराचा हक्क वारसाने जाणारा व हस्तांतरणीय असल्याचे स्पष्ट केले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या रोख्याला तीन वर्षांची मर्यादा पडली होती, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. कापसाची तेजी आली आणि अमेरिकेतील यादवी संपताच ओसरली. या सर्वांची परिणती सर्वांस विदित आहे: १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला, आणि लवकरच अहमदनगर जिल्ह्याच्या श्रीगोंदे, पारनेर आदी तालुक्यांत तो पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यत्वे रोखे व खते हस्तगत करून जाळण्यावर होता. ज्या कागदाने आपले शेत आपल्या नजरेआड दुसऱ्याचे होते, तो कागद नष्ट करावा, एवढे त्यांना पक्के कळले होते.

या दंग्यांचा अर्थ लावण्याविषयी विद्वानांत मतभेद आहे. रविंदर कुमार यांच्या १९६८ च्या ग्रंथात ग्रामीण समाजाच्या विघटनाचा धागा प्रमुख आहे. उलट नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली दंग्यांची व्याप्ती व परिणाम या दोहोंविषयी अतिशयोक्ती झाल्याचे प्रतिपादिले. जमिनीचे हस्तांतर समजले जाते तितके झाले नव्हते, हा चार्ल्सवर्थ यांचा मुद्दा मान्य केला तरी आमच्या प्रश्नाला बाध येत नाही. प्रश्न किती जमीन गेली हा नाही. ती कशा रीतीने जाऊ शकली हा आहे. चौकशी आयोगापुढे आलेल्या हकीकतींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते: शेत सावकाराच्या नावावर चढे, परंतु सावकार नांगर धरीत नसे. पूर्वीचा मालकच कूळ म्हणून तेच शेत, त्याच बैलांनी, तेच पीक घेऊन कसत राही. त्या दशकात दरवर्षी कोणी आकाशातून त्या शिवाराचे चित्र घेतले असते, तर त्यात तिळमात्र फरक दिसला नसता. मालकी पालटली होती ती संपूर्णपणे कागदात.

सरकारनेही हे ओळखले. १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्यास सांगितले. विशेषेकरून गहाण न दिलेली जमीन पैशाच्या हुकूमनाम्यापायी विकण्यास मनाई केली. आणि दस्त गावोगावच्या निबंधकासमोर व्हावेत अशी तजवीज केली. १९०१ साली तर सरकारने एक पाऊल पुढे टाकून, काही जमिनी हस्तांतरणाचा हक्क न देता देण्याची तरतूद केली. तिला विरोध म्हणून फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृती सभासद कायदेमंडळातून उठून गेले, ही घटना प्रसिद्धच आहे. हस्तांतरणावरील बंधनाची ही कल्पना पुढेही टिकली आणि ‘नवीन शर्त’ या नावाने आजही सातबाऱ्यावर भेटते. तिचे महत्त्व पुढे येईल.

आता आकाशाकडे वळू. हवाई छायाचित्राचा जन्मच जमीनमोजणीच्या कल्पनेतून झाला, हे फारसे सांगितले जात नाही. १८५८ साली पॅरिसनजीक बलूनमधून पहिले छायाचित्र घेणाऱ्या नादार याच्या डोळ्यांपुढे लष्करी टेहळणीइतकीच शेतजमिनीच्या नकाशांची गरज होती. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनी किती क्षेत्र पेरले याची पडताळणी करण्यासाठी सरकारने हवाई चित्रांचा सर्रास उपयोग केला, कारण साखळी घेऊन शेतोशेत हिंडण्यापेक्षा ते स्वस्त पडे. भारतात मात्र हवाई चित्र दीर्घकाळ सरकारी व संरक्षणविषयक गुपित राहिले. खासगी व्यक्तीला नकाशा करण्यासाठी परवानग्यांची वाट तुडवावी लागे. ही बंधने मुख्यत्वे १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी व त्याच वर्षीच्या ऑगस्टातील ड्रोन नियमांनी सैल झाली.

उपग्रहाच्या दृष्टीची वाढ गुंठ्याच्या मापाने पाहिली तर आमच्या विषयाला अधिक उपयोगी पडते. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. १९७२ च्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाचा एक पिक्सेल सुमारे ८० मीटर बाजूचा होता. म्हणजे त्याच्या एका ठिपक्यात ६० हून अधिक गुंठे, सुमारे दीड एकर, मावत. १७ मार्च १९८८ रोजी सुटलेल्या भारताच्या आय.आर.एस.-१ए चा सूक्ष्मतर कॅमेरा सुमारे ३६ मीटरचा. ठिपक्यात १३ गुंठे. १९९५ च्या अखेरीस आय.आर.एस.-१सी ने ५.८ मीटरपर्यंत मजल मारली, तेव्हा एका गुंठ्यावर तीन ठिपके पडू लागले. १० जानेवारी २००७ च्या कार्टोसॅट-२ पासून ही विभेदनशक्ती एक मीटरच्या आत आली. एका गुंठ्यावर शंभराहून अधिक ठिपके. २००५ पासून गूगल अर्थ आणि २००९ पासून इस्रोचे ‘भुवन’ यांमुळे अशी चित्रे पाहणे घरोघरी शक्य झाले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील साखळीने ठरविलेले लहानात लहान व्यवहार्य क्षेत्र आकाशातून ओळखू येण्यास १९९५ उजाडावे लागले. शहरांच्या कडेने ‘गुंठेवारी’ फोफावली तीही साधारण याच पिढीत, आणि तिला नियमित करण्यासाठी २००१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. यांपैकी एक दुसऱ्याचे कारण होते असे मात्र मुळीच सुचवावयाचे नाही. गुंठ्याने जमीन विकणाऱ्यांना उपग्रहाची गरज कधीच भासली नव्हती.

तर मग या चित्रात दिसते काय? पुष्कळ काही दिसते. नेवासे भागात मुळा धरणाचे कालव्याचे पाणी पोचलेली हिरवी शेते आणि पावसावर अवलंबून असलेले फिकट माळ एकाच दृष्टिक्षेपात वेगळे काढता येतात. उसाचा फड, नवी विहीर, शेततळे, यात्रेकरूंसाठी रस्त्याकडेने उभी राहिलेली दुकाने, वर्षावर्षांची चित्रे शेजारी ठेवली असता वस्तीची वाढ कोणत्या अंगाने होत आहे, हे सर्व कळते. जुन्या वस्तीची पांढरी मातीही शेतांच्या काळ्या रंगात उठून दिसते. अशाच पांढऱ्या टेकाडावर हसमुख सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन केले होते. जमिनीचा खरेदीदार आणि पुरातत्त्वज्ञ एकाच चित्रात वेगवेगळ्या गोष्टी शोधतात, ही गंमत येथे नोंदवून पुढे जाऊ.

परंतु शनिशिंगणापूरचे चित्र कितीही स्पष्ट घेतले तरी त्या गावाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट त्यात दिसणार नाही. वरून छप्पर दिसते. कवाड आहे की नाही हे दिसत नाही. हक्काचे तसेच आहे. नवीन शर्तीची जमीन आणि जुन्या शर्तीची जमीन एकाच हिरव्या रंगाची असते. भोगवटादार वर्ग २ ची, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता न येणारी जमीन शेजारच्या वर्ग १ च्या जमिनीहून चित्रात कोणत्याही प्रकारे निराळी नसते. देवस्थान इनामाचे शेत, कुळाचा हक्क असलेले शेत, भाऊबंदांत वाटणीचा दावा चालू असलेले शेत, यांपैकी कशाचीही छाया जमिनीवर पडत नाही. १९४८ च्या कुळकायद्यान्वये शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यावर बंधन आहे आणि १९४७ च्या कायद्याने तुकडे पाडण्यावर आहे (हे दुसरे बंधन पुढे वेळोवेळी सैल झाले). चित्र पाहणारा यांतल्या कोणत्या बाजूला मोडतो, हे चित्र त्याला सांगत नाही. आपल्या सातबाऱ्याची घडणच येथे उपयोगी पडते. सात हा हक्काचा नमुना, बारा हा पिकांचा. आकाशचित्र हे बाराचे साधन आहे, साताचे नव्हे. २०२१ साली सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र व स्थळाची नोंद स्वतः पाठवितो. तेथे चित्र व दप्तर प्रथमच जोडले गेले, परंतु तेही बाराच्या बाजूला.

जुना गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर पसरून सीमा काढण्याची जी पद्धत आता पडत आहे, तिच्याविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे. हे नकाशे सामान्यतः मैलाला आठ इंच या प्रमाणावर आहेत. म्हणजे नकाशावरील एक इंच जमिनीवर ६६० फूट. लेखणीची रेघ इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकी जाड धरली, तर तिच्याखाली १३ फूट जमीन झाकली जाते. त्यात कागदाचे आकुंचन, प्रत काढताना आलेली चूक, आणि प्रत्येक गावाचा नकाशा स्वतंत्र असल्यामुळे शिवेवर शेजारच्या गावाशी न जुळणारी कडा यांची भर पडते. असा नकाशा ताणून चित्रावर बसविला की पडद्यावर रेघ मोठी रेखीव दिसते. इतकी, की जिचे मूळ तेरा फुटांचे होते ती आता वीतभर अचूक आहे असा भास व्हावा. मोजणीखात्यातील जाणता माणूस तंट्याच्या वेळी नकाशाकडे नव्हे, तर टिपणावर लिहिलेल्या साखळी-आण्यांच्या मापांकडे वळतो, ते याच कारणाने. प्रिंगलची मोजणी खोट्या आकड्यांनी बुडाली. येथे आकडे खरे असूनही त्यांच्याकडून जी अपेक्षा केली जाते, ती त्यांना पेलणारी नाही.

याच्या विरुद्ध बाजूला एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. पूर्वी नकाशा सरकार व सावकार यांच्याच हाती होता. आता तो शेतकऱ्याच्या मुलाच्या हातातील मोबाइलवर आहे, तेव्हा विषमता आपोआप मिटली, असे म्हणतात. हे अंशतः खरे आहे. तथापि कर्नाटकातील ‘भूमी’ या अभिलेख-संगणकीकरणाच्या योजनेविषयी सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली जे लिहिले, ते याच्या नेमके उलट आहे: अभिलेख एकत्र व दुरून पाहता येण्याजोगे झाल्याने बंगळूरच्या सीमेवर मोठ्या खरेदीदारांचीच सोय झाली. त्यांचे सर्व निष्कर्ष स्वीकारले नाहीत तरी १८७५ पूर्वीच्या दक्षिणेशी त्यांचे साम्य डोळ्यांत भरते. माहिती सर्वांस खुली असली, तरी तिच्यावर पैसा लावण्याची ताकद सर्वांची सारखी नसते. स्वतःच्या शेताचे चित्र पाहून शेतकऱ्याला नवे असे थोडेच कळते. शंभर गावांची चित्रे एकत्र पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक शेतकऱ्याहून अधिक कळते.

शेवटी पांढरीविषयी. गावाची शेतजमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी, ही मराठी माणसाची जुनी विभागणी. एकोणिसाव्या शतकातील मोजणीने काळी बांधाबांधाने मोजली, कारण आकार तिच्यावर होता. पांढरी बहुतेक गावांत एकच मोकळी आकृती म्हणून नकाशावर राहिली. तिच्यातील घरे कोणी मोजली नाहीत. म्हणून गावठाणातील घर हे दूरच्या खरेदीदाराच्या किंवा बँकेच्या दृष्टीने दीर्घकाळ जवळजवळ अदृश्य होते. शनिशिंगणापुरात २०११ साली युको बँकेने कुलपाच्या प्रथेला मान देऊन शाखा उघडली, याचे मोठे कौतुक झाले. परंतु कोणतीही बँक तारणाचा कागद पाहिल्यावाचून घरावर कर्ज देत नाही, आणि गावठाणातील घराला तसा कागदच बहुधा नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेखाली हे काम हाती घेण्यात आले. हवाई चित्राने येथे जी गोष्ट साधली ती साखळीला कधी साधता आली नव्हती, हे निःसंशय मान्य केले पाहिजे.

तरीही या कामाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ड्रोन उडण्यापूर्वी घरमालक, शेजारी, ग्रामपंचायत व मोजणीखात्याचा माणूस एकत्र जमतात आणि प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची रेघ ओढतात. ड्रोन त्या रेघेचे चित्र घेतो. हद्द कोणती हे चित्र ठरवीत नाही. ते शेजाऱ्यांनी आधीच ठरविलेले असते, आणि जेथे ठरत नाही तेथे चुनाही पडत नाही. चतुःसीमेच्या खतातील ‘अमका’ येथे परत आलेला आहे.

या अंगाने पुढील संशोधनास वाव आहे. नेवासे तालुक्यातील कालव्याखालचे एक आणि कोरडवाहू एक अशी दोन गावे निवडून, त्यांची मूळ टिपणे, प्रतवारीची पत्रके, १९०३ च्या कायद्याने सुरू झालेल्या हक्कनोंदणीतील फेरफार आणि १९८८ नंतरच्या उपग्रह-प्रतिमा एका गटक्रमांकाखाली शेजारी मांडाव्यात. कोणत्या फेरफाराची खूण जमिनीवर उमटली आणि कोणता कागदातच राहिला, हे तेव्हा मोजून सांगता येईल. टिपणांचा कागद जुना व ठिसूळ झाला आहे. हे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रतिमांपासून नव्हे, टिपणांपासून आरंभ करावा.